खुर्ची कोणाच्या नावाची?

कल्याणच्या दुर्गाडीवर देवीचं देऊळ आणि ईदगाह एकाच टेकाडावर आहेत. त्या जागेवरून कोर्टात दशकानुदशकं दावा चालला. सण जवळ आले की पोलीस शांतता कमिटी बोलावतात, ती उगाच नाही. या कमिटीचं बोलावणं कल्याणातल्या एका तरुण वकील मुलीला आलं. कोकणी मुसलमान घर, शिक्षण मराठी शाळेत. जावं की नाही हे ठरेना, म्हणून ती डोंबिवलीला आपल्या इतिहासाच्या निवृत्त सरांकडे गेली.

“सर, तिथं मला वकील म्हणून कोणी विचारणार नाही. ‘मुस्लिम महिला प्रतिनिधी’ म्हणून खुर्ची ठेवतील, फोटो काढतील.”

“तू नाही गेलीस तर त्या खुर्चीवर कोण बसेल?”

“नेहमीचेच कोणीतरी. पण मी प्रतिनिधी कोणाची? २०१४ साली कल्याणची चार पोरं इराकात आयसिसकडे गेली, तेव्हा मी कॉलेजात होते. वर्गातली मुलं मला विचारायची, ‘तुमच्यात असं का होतं?’ त्या पोरांचा जाब मी का द्यायचा?”

“तुझी ही तक्रार अमर्त्य सेन यांनी २००६ च्या ‘आयडेंटिटी अँड व्हायलन्स’मध्ये मांडली आहे. संस्कृतींचा संवाद घडवू पाहणारी भली माणसंही आधी माणसाला एका धर्माच्या खणात टाकतात, असं ते म्हणतात. मला ते पटतं. पण दुसरी बाजू बघ. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, दीडशेहून जास्त माणसं गेली. तो घाव किती खोल असतो, हे ठाणे-कल्याणच्या प्रवाशाला सांगायला नको. तरीही स्पेनचे पंतप्रधान सापातेरो यांनी तुर्कस्तानला सोबत घेतलं आणि २००५ साली संयुक्त राष्ट्रांत ‘अलायन्स ऑफ सिव्हिलायझेशन्स’ उभी केली. खण पाडूनच का होईना, पण माणसं समोरासमोर बसली.”

“पण त्याआधी सापातेरोंनी इराकमधून आपलं सैन्य परत आणलं होतं, सर. बोलावणाऱ्यानं आधी स्वतः काही सोडलं. ओबामा २००९ मध्ये कैरोत सुंदर बोलले, तेव्हा अमेरिकेचं सैन्य इराकातच होतं. त्या ‘अलायन्स’च्या तज्ज्ञांचा २००६ चा अहवालसुद्धा भांडणाचं मूळ धर्मात नव्हे, राजकारणात शोधतो. आणि उपाय सुचवतो कुठले? शिक्षण, तरुण, माध्यमं, स्थलांतर!”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग ते भिवंडीवर आले, आणि त्यांचं खरं बळ तिथंच होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या यंत्रमागांच्या गावात सुरेश खोपडे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. पुढारी आणि मौलवी-महंतांना जमवण्याऐवजी एका वस्तीतले हिंदू-मुसलमान शेजारी आणि त्या बीटचा साधा हवालदार यांना एकत्र बसवलं. बोलणं रोजच्या तक्रारींचं, गल्लीतल्या कुरबुरींचं. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसं मेली, भिवंडी शांत राहिली.

“तिथं कोणी धर्माचा वकील नव्हता,” सर म्हणाले.

“पण हिंदू किती आणि मुसलमान किती, हे मोजल्याशिवाय ती कमिटी झाली असती का?”

“नसती झाली. मोजावंच लागतं, हे मी मान्य करतो. मोजून झाल्यावर माणसाला काय विचारायचं, तिथं फरक पडतो.”

हे उत्तर मोलाचं आहे. तिलाही ते भिडलं असावं, कारण त्यानंतरच तिनं सगळ्यात अवघड गोष्ट काढली.

“मग २००६? कब्रस्तानाची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जागेवर पोलीस ठाणं बांधायला घेतलं आणि भिवंडी पेटली. गोळीबारात दोन माणसं मेली, जमावानं दोन पोलीस मारले. वाद पोलिसांशीच होता, तेव्हा पोलिसांच्या कमिटीत कोणी काय बोलायचं?”

“सत्ता असलेल्याला वगळून केलेला संवाद कोणी ऐकत नाही.”

“आणि तो यजमान असला की बोलायचे विषयही तोच ठरवतो.”

“म्हणजे जाणार नाहीस?”

“जाईन. पण बंदोबस्ताबद्दलच्या लोकांच्या तक्रारी विषयपत्रिकेवर घ्या, असं आधी लेखी कळवीन.”

“पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.”

“तेवढी जोखीम आहे, सर. मला ती घ्यायची आहे.”

“मग अर्जाचा मसुदा आत्ताच करू,” म्हणत सरांनी कागद पुढे ओढला.