सुभद्रेची झोप

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै लागते. १९९८ पासून येथे हुंदाईच्या मोटारी तयार होतात आणि वसाहतीचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांनी मोजला जातो. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असलेल्या या परिसरात गरोदरपणाच्या उत्तरार्धात ‘वळैकाप्पु’ होतो. सुवासिनी गर्भवतीच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरतात. त्यांची किणकिण पोटातल्या बाळाला ऐकू जावी, अशी श्रद्धा. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेल्या घराला हा सोहळा परका वाटू नये. ओटीभरण, फुलांची वाडी आणि डोहाळजेवण यांचा तो सख्खा भाऊच आहे.

बाळाला ऐकू जाते, ही आता केवळ श्रद्धा राहिलेली नाही. साधारणतः सहाव्या महिन्यानंतर गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. आईने अखेरच्या सहा आठवड्यांत रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात अर्भक वेगळा ओळखते, असे डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी १९८६ साली दाखवून दिले. परंतु हा दुजोरा दुधारी आहे. बाळ ऐकते म्हटले, की त्याच्या कानी काय गेले आणि काय राहिले, याचा हिशेब आईच्या माथी येतो. जिव्हाळ्याच्या त्याच वाटेने चिंताही आत शिरते.

या चिंतेला आपल्याकडे एक सर्वपरिचित कथा आहे. चक्रव्यूहाचे वर्णन ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि अभिमन्यूला परतीची वाट कळली नाही. वस्तुतः महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू एवढेच सांगतो, की पित्याने भेद शिकवला, बाहेर पडणे शिकवले नाही. झोपेचा दोष लोककथेने जोडला. एका पोराला अनेक महारथींनी घेरून मारले; तरी प्रश्न विचारला गेला तो थकलेल्या गर्भवतीला!

भागवतातील प्रह्लादाची कथा याच्या नेमकी उलट आहे. इंद्राच्या तावडीतून सुटलेल्या कयाधूला नारदांनी आश्रमात निर्भय आसरा दिला आणि मगच उपदेश केला. पुढे आई तो विसरली, पण बाळाच्या तो स्मरणात राहिला. तिच्या विसरण्याने काही बिघडले नाही. येथे संस्काराचा आरंभ शब्दाने नव्हे, आसऱ्याने होतो.

आयुर्वेदाचीही साक्ष काढता येईल. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकटते, म्हणून गर्भिणीला दोन हृदयांची मानावे, असे सुश्रुतसंहिता म्हणते. तिच्या या अवस्थेतल्या इच्छांना आपण डोहाळे म्हणतो. ते न पुरवल्यास अपत्यात व्यंग येते, हे भय आज कोणी खरे मानणार नाही. मात्र ते पुरवण्याचे कर्तव्य घराचे होते, हे विसरता येत नाही. तिरुचिरापल्लीच्या तायुमानवर मंदिराची आख्यायिका याच कर्तव्याची आहे. कावेरीच्या पुरामुळे माहेरची आई पोचू शकली नाही, तेव्हा शिवच तिचे रूप घेऊन बाळंतपणाला आला. चिंता करू नकोस, असे सांगून तो थांबला नाही. तो येऊन राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गर्भवतींना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, गाठते. अशा स्त्रीला ‘मन प्रसन्न ठेव, नाहीतर बाळावर परिणाम होईल’ असे बजावणे म्हणजे तिच्या चिंतेवर दुसरी चिंता लादणे होय. बाजारात मिळणारा गर्भसंस्कार पुष्कळदा हेच करतो. उलट तामिळनाडूत अंगणवाड्यांमार्फत होणारा सामुदायिक वळैकाप्पु, किंवा मातृत्वरजा २६ आठवड्यांवर नेणारी २०१७ ची दुरुस्ती, यांत गर्भवतीऐवजी भोवतालाला बांधून घेतले आहे. विधीचा नैतिक अर्थ तिथेच शोधावा लागतो. बांगड्या भरणारे हात दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याचे पाणी भरतात का, रात्रपाळीहून परतलेला नवरा स्वयंपाकाला लागतो का, यावर त्या किणकिणीचे मोल ठरते. तसे घडले, तर सुभद्रेने खुशाल झोपावे. चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची वाट सांगायला अर्जुनाला पुढे सोळा वर्षे होती.