उंबरठ्यापर्यंतचा कायदा

घरकामासाठी परदेशातून माणूस आणणे हा व्यवहार आज परवाना, करारपत्र, विमा आणि व्हिसा अशा टप्प्यांतून पार पडतो, आणि हे सारे टप्पे रीतसर पूर्ण केले की मालकाचे कर्तव्य संपले, असा समज सुशिक्षित कुटुंबांत रुजलेला दिसतो. हा समज धर्मविचाराच्या कसोटीला उतरतो का, हा प्रश्न भिलाईच्या स्मृति नगरसारख्या वसाहतीला दोन्ही बाजूंनी भिडतो. पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या या शहरातील एखाद्या मराठी कुटुंबाची पुढची पिढी सिंगापूरला स्थिरावली, तर तिच्या घरी फिलिपिन्सची किंवा इंडोनेशियाची बाई कामाला असणे ही तिथली सामान्य गोष्ट असते. आणि हे शहर ज्या छत्तीसगडमध्ये आहे, त्याच राज्याच्या जशपूर, सरगुजा या आदिवासी भागांतून मुली दलालांच्या हाती दिल्लीच्या घरांत पोचत राहिल्याने राज्याला २०१३ साली खासगी प्लेसमेंट एजन्सींचे नियमन करणारा कायदा करावा लागला.

परदेशी जाणाऱ्यांसाठीचा भारतीय कायदा त्याहून जुना आहे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची आहे, त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला ३०,००० रुपये आणि त्यावरील कर अशी मर्यादा आहे, आणि दहावी न झालेल्या स्त्रीला आखाती व तत्सम देशांत घरकामासाठी जायचे असल्यास तिचे वय ३० पूर्ण असावे लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली स्वीकारलेला घरकामगारविषयक करार क्रमांक १८९ आणखी पुढे जातो: सीमा ओलांडण्यापूर्वी लेखी करार हाती पडावा, पासपोर्ट कामगाराने स्वतःजवळ ठेवता यावा आणि एजन्सीचे शुल्क तिच्या पगारातून कापले जाऊ नये. भारताने या कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हे नियम आवश्यक आहेत, आणि ते नसतात तेथे काय घडते हे जशपूरच्या घरांना विचारावे. तरीही त्यांचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. एजन्सीला दिलेले शुल्क हे योग्य माणूस शोधून देण्याच्या कामाचे असते; परंतु मोठी रक्कम एकदम भरलेल्या मालकाच्या मनात ते हळूहळू त्या माणसाची किंमत होऊन बसते, आणि मग पैसे वसूल झाले पाहिजेत या भावनेतून पासपोर्ट कपाटात जातो, रात्री उशिरापर्यंत काम चालते, एकटीने बाहेर जाण्याला हरकत घेतली जाते. आखाती देशांतील कफाला पद्धतीने, म्हणजे कामगाराचा देशातील वास्तव्याचा हक्कच मालकाच्या हमीवर अवलंबून ठेवणाऱ्या व्यवस्थेने, या भावनेला कायद्याचे बळ दिले. सेवा विकत घेता येते आणि माणूस घेता येत नाही, हा भेद कारखान्यात सोपा असतो, कारण भोंगा वाजला की कामगार घरी जातो. मालकाच्याच घरात झोपणाऱ्या बाईचा दिवस कोठे संपतो, हे मात्र कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते.

या ठिकाणी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त मोलाचे ठरते. राजगृहाजवळ ओल्या वस्त्राने सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्ध त्या दिशांचा नवा अर्थ सांगतात: पूर्वेला आईवडील, दक्षिणेला आचार्य, पश्चिमेला पत्नी व मुले, उत्तरेला मित्र, वर श्रमण-ब्राह्मण आणि खाली दास व कामकरी. या खालच्या दिशेची पूजा करायची ती शक्तीनुसार काम देऊन, अन्न व वेतन देऊन, आजारपणात शुश्रूषा करून, गोडधोड वाटून आणि वेळच्या वेळी रजा देऊन. आईवडिलांच्या सेवेसोबत एकाच पूजेत नोकराची सुट्टी बसवणे ही असामान्य गोष्ट आहे, कारण त्यामुळे रजा ही मालकाची कृपा उरत नाही. ती न देणाऱ्या गृहस्थाची पूजाच अपुरी राहते. सिंगापूरमध्ये परदेशी घरकामगारांना आठवड्याची सुट्टी २०१३ पासून लागू झाली, परंतु त्या सुट्टीऐवजी पैसे देण्याची मुभा राहिली. १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातील निदान एक सुट्टी पैशांच्या मोबदल्यात काढून घेता येत नाही. दोन्ही बाजू राजी असल्या तरी विकता येणार नाही असा एक दिवस कायद्याने मान्य केला, ही घटना लहान दिसते, पण धर्मविचाराच्या दृष्टीने ती संपूर्ण परवाना-व्यवस्थेहून मोठी आहे.

यावर मराठी घरातून येणारा आक्षेप ठरलेला असतो: ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे, तिच्याशी हिशेब कसला?’ या भावनेमागे वारकरी परंपरेतील दासीपणाचा आदर्शही उभा केला जातो, कारण नामदेवांच्या घरी वाढलेल्या जनाबाईला विठ्ठल दळू लागल्याची कथा सर्वांच्या ओठी आहे. परंतु त्या कथेत जात्याचा खुंटा धरायला देव येतो. जनाबाईने आपले श्रम विनामूल्य द्यावेत असा निष्कर्ष त्यातून काढणे हा कथेवर अन्याय आहे. भक्ताने देवाचे दास होणे हे स्वेच्छेचे असते. मालकाने ते दुसऱ्याकडून मागितले की त्याला शोषण हेच नाव उरते. शिवाय जी खरोखर घरची असते तिला आजारपणात परत पाठवले जात नाही.

कौटिल्याने अर्थशास्त्रात दास व कामकऱ्यांच्या प्रकरणात घातलेली एक अट येथे फार उपयोगी आहे: कामकऱ्याचा मालकाशी झालेला ठराव शेजाऱ्यांना ठाऊक असावा. घर हे बंद दाराआडचे ठिकाण असल्याने तेथील करार साक्षीशिवाय टिकत नाही, हे त्याने ओळखले होते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले, तेव्हाही अडचण हीच होती. शहरी वसाहतींत कामाला येणाऱ्या बाईचे ओळखपत्र तपासले जाते, पोलीस पडताळणी होते, फाटकावर तिची वेळ नोंदली जाते. मालकाने तिला कबूल केलेला पगार आणि सुट्टी शेजाऱ्यांना माहीत असावी, अशी अट मात्र कोणी घालत नाही, आणि स्मृति नगरसारख्या वसाहतीतील रहिवाशांच्या सभेला ती घालण्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.