रखवालदाराचा अपराध

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. माझी पुतणी भावाला ओवाळीत होती आणि तबक तिच्या हातात किंचित थरथरत होते. निरांजनाची ज्योत हलली, तशी सर्वांची नजर तिच्या हाताकडे गेली व लगेच दुसरीकडे वळली. आधी एका डोळ्याने अंधूक दिसणे, मग पायांना मुंग्या, मग तपासण्या आणि अखेर निदान झाले ते मल्टिपल स्क्लेरॉसिसचे. ओवाळणे आटोपल्यावर घरातील एक वडीलधाऱ्या बाई हळहळल्या, "कुठल्या जन्मीचं हे पोरीच्या वाट्याला आलं!" त्यावर आमचे एक शिकलेसवरलेले नातलग म्हणाले, "जन्मबिन्म काही नाही. जागरणं आणि नको तेवढी काळजी, दुसरं काय!" आपले मत फार नवे आहे, असे त्यांना वाटत असावे. मला मात्र दोन्ही मते एकच वाटली. दोघांनाही आरोपी हवा होता आणि दोघांनीही एकाच व्यक्तीकडे बोट दाखवले होते.

संध्याकाळी गच्चीवर ती मला म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणतात, माझंच शरीर माझ्यावर उलटलंय. बाहेरचा जंतू असता तर त्याच्यावर रागावले असते. आता रागवायचं तरी कुणावर?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे या रोगाविषयी जमेल तेवढे वाचले. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

मेंदू व मज्जारज्जू यांतील कित्येक तंतूंवर, विजेच्या तारेवर असावे तसे, मायलिन नावाचे वेष्टण असते. ते स्निग्ध पदार्थांचे व काही प्रथिनांचे बनलेले असते आणि त्याच्यामुळेच संदेश झपाट्याने धावतात. या रोगात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच या वेष्टणावर तुटून पडतात. ठिकठिकाणी चट्टे पडतात, संदेश अडखळतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे रेखीव वर्णन केले. पण चट्टे पाडणारा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते.

शरीर स्वतःवर शस्त्र उगारील, ही कल्पनाच त्या काळी चमत्कारिक वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांनी म्हटले होते की, शरीराला आत्मघाताची मूळचीच धास्ती असते. त्या समजुतीला धक्का बसला तो एका उपकारक लशीमुळे. पिसाळलेले कुत्रे चावले की बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे आपल्याकडे कोणाला आठवत नाही? ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ साली सिद्ध केली. आपल्याकडे ती मेंढीच्या मेंदूपासून बनवीत. तिने असंख्य प्राण वाचवले. पण क्वचित एखाद्याला कुत्र्याच्या विषाने नव्हे, तर लशीनेच लुळेपणा येई. १९३५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. जंतू नसतानाही काही माकडांच्या मेंदूतील वेष्टण झडले. थायलंडमधील रुग्णांवरून १९८७ साली दिसून आले की, लशीतील मायलिनच्या एका प्रथिनाविरुद्ध शरीर पेटून उठते आणि त्या भरात स्वतःचेही तेच प्रथिन जाळते. आपल्या देशात या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले.

म्हणजे रखवालदार फितूर झालेला नव्हता. त्याची ओळखण्यात चूक झाली होती. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये नेमके कोणते प्रथिन लक्ष्य ठरते, याचा अंतिम निकाल लागलेला नाही. मात्र २०२२ साली अमेरिकन सैन्यातील एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की, एप्स्टीन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर या रोगाचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. त्याच वर्षी त्या विषाणूच्या एका प्रथिनात आणि मेंदूतील एका प्रथिनात काही साम्य आढळले. अंधारात चोर समजून घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार असावा. आणि हा विषाणू तर बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असतो! मग मोजक्यांनाच रोग का होतो? आनुवंशिकता व इतर कारणे आहेत. पण त्यांत पाप कुठेच नाही.

याहून मला विचारात पाडले ते दुसऱ्या एका गोष्टीने. मायलिनवर धावून जाऊ शकतील अशा पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतात, तुमच्या-माझ्याही असतील. त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रुंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरोग्य म्हणजे आत आग नसणे नव्हे. ती आवरणारा कोणीतरी जागा असणे.

म्हणूनच रखवालदाराला हाकलून देऊन भागत नाही. औषधांनी त्याचा जोर फार मोडला, तर खरे चोर घरात शिरतात; डॉक्टरांना तोल सांभाळीतच उपचार करावे लागतात.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. अपराधाला हेतू लागतो. पेशीला हेतू नाही आणि माझ्या पुतणीने तर काहीच केलेले नाही. मग आम्हाला आरोपी का हवा होता? कारण चूक तिची ठरली, की आम्ही निर्धास्त होतो: आपण तसे वागलो नाही, सबब आपल्याला तसे होणार नाही. भीतीने आमचीही ओळखण्याची शक्ती हरपली आणि आम्ही आपल्याच माणसावर धावून गेलो. पेशीला विवेक नाही, म्हणून तिला क्षमा आहे. आम्हाला ती सवलत कशी मिळावी?

हे सारे मी तिला पत्राने कळवले. तिचे उत्तर दोन ओळींचे आले: "काका, राग थोडा कमी झालाय. यंदाही मीच ओवाळणार; तबक जरा हलकं आणा."