दुधाचा सुळा

तात्यांच्या मळ्यावर वाघ्या नावाचं तीन महिन्यांचं पिल्लू होतं. चप्पल, दोरखंड, पाण्याचा पाइप, दिसेल ते चावायचं. एक दिवस कुठून तरी वाळकं हाड ओढून आणलं आणि चावता चावता त्याचा वरचा सुळा मोडला.

राधीनं त्याचा ओठ वर करून पाहिलं. सुळा अर्धाच उरला होता आणि तुटल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत होता.

"तात्या, याला दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"अगं, दुधाचा दात तो. दोन-तीन महिन्यांत आपोआप पडायचाच. भाकरी खातोय की चांगली!"

खात होता खरा. पण राधी शेजारी बसून निरखत राहिली. वाघ्या एकाच बाजूनं चावत होता. घास मधेच तोंडातून निसटत होता. दोरखंडाकडं तर तो फिरकतही नव्हता. तिनं हट्टच धरला, तेव्हा तात्यांनी मोटारसायकल काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "घरातली डोकेदुखीची गोळी वगैरे दिली नाहीत ना? माणसांची औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात."

"काही दिलं नाही," राधी म्हणाली.

"छान. हा लाल ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. इथून जंतू मुळापर्यंत जातात. त्या मुळाजवळच हाडात कायमचा सुळा तयार होतोय. आत पू झाला, तर नवा दातही अधू निघू शकतो."

"पण तो जेवतोय," तात्या म्हणाले.

"दुखत असलं तरी कुत्रं जेवतं, तात्या. भूक कुणाला चुकलीय?"

भूल देऊन बाईंनी दात हलक्या हातानं मुळासकट काढला आणि तात्यांच्या तळहातावर ठेवला. वर जेवढा दिसत होता, त्याच्या दुपटीहून लांब मूळ आत होतं. तात्या त्याच्याकडं बघत राहिले. मग राधीला म्हणाले, "कांद्याचं रोप दीड-दोन महिन्यांत लावणीसाठी उपटायचंच असतं. म्हणून त्यावर पडलेली कीड आपण सोडून देतो का? रोप बिघडलं की कांदा बिघडला."

पुढं काही दिवस वाघ्याला दुधात भिजवलेली मऊ भाकरी मिळाली. हाडं आणि दगड त्याच्यापासून लांब गेले. नखानं दाबल्यावर खूण उमटेल, एवढीच मऊ वस्तू चावायला द्यायची, हा नियम राधीनं घरात सगळ्यांना लावून दिला. सातव्या महिन्यापर्यंत दुधाच्या 28 दातांच्या जागी कायमचे 42 दात आले. त्यांत तो सुळाही सरळ आणि धडधाकट होता.

तात्पर्य: थोड्या दिवसांचं म्हणून कशाचीही हेळसांड करू नये, पुढं जन्मभर टिकणारं त्याच्याच आधारानं वाढत असतं.