सुई थबकली नाही

सुई अठ्ठावीसच्या आसपास थबकायला हवी होती. पुस्तकात तसं असतं, जर्नलमधल्या आलेखातही तसंच काढलेलं असतं. पोलादाचा तुकडा दोन्ही टोकांना पकडून ओढत गेलं की आधी भार सरळ वाढत जातो. मग एका ठिकाणी तो वाढायचा थांबतो, सुई थबकते, तुकडा मात्र लांबत राहतो. हाच यील्ड पॉइंट. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातलं हे सगळ्यात जुनं प्रॅक्टिकल. त्या दुपारी आम्ही युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर बारा मिलिमीटर जाडीचा साध्या पोलादाचा तुकडा लावला होता. बाराचा व्यास म्हणजे ११३ चौरस मिलिमीटर छेद, साध्या पोलादाचा यील्ड साधारण २५० मेगापास्कल, म्हणून २८ किलोन्यूटन. सुई २८ वरून गेली. ३५ वरून गेली, ४५ वरून गेली, कुठेही न थांबता. ५८ ला पोचली, किंचित मागे आली आणि मोठा आवाज होऊन तुकडा तुटला.

जर्नल हातात घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, "सर, यील्ड पॉइंट काय लिहू?"

मागून कुणीतरी उत्तर दिलं, "२८ लिही. सीनिअरच्या जर्नलमध्ये तेच आहे."

मी म्हणालो, "जे दिसलं ते लिही."

"मग ओरलला मार्क जातील, सर."

ती खरं बोलत होती. मी शिकवत होतो ते कॉलेज नाशिकबाहेरचं, पण ही अडचण कुठल्या एका कॉलेजची नाही. बाहेरून येणारा परीक्षक आलेख उघडतो, बोट ठेवतो आणि विचारतो, यील्ड पॉइंट कुठाय? "दिसला नाही" हे उत्तर त्याच्या मार्कांच्या तक्त्यात बसत नाही.

तुटलेले दोन्ही तुकडे मी पिशवीत घालून घरी इंदिरानगरला आणले. आमच्या इमारतीत अंबड एमआयडीसीत टर्निंगचं छोटं वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ राहतात. जिन्यात भेटले म्हणून त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी अंगठा फिरवला आणि क्षणात सांगितलं, "सर, हा ब्राइट बार आहे. तुम्ही काळा मागितला असेल, दुकानदाराने हा दिला. किती गुळगुळीत आहे बघा."

काळा बार म्हणजे तापवून लाटलेला. वर काळसर खपली असते, माप थोडं इकडे-तिकडे असतं. ब्राइट बार म्हणजे तोच बार थंड अवस्थेत डायमधून ओढून काढलेला, चकचकीत आणि मापाला पक्का. ओढताना पोलादाच्या स्फटिकांची आतली मांडणी विस्कटते. साध्या पोलादात कार्बनच्या अणूंनी स्फटिकांतले दोष जागच्या जागी जखडून ठेवलेले असतात. भार वाढला की ते एकदम सुटतात, आणि त्या क्षणी सुई थबकते. ओढलेल्या बारमध्ये ते डायमधून जातानाच सुटलेले असतात. म्हणून सुई थांबत नाही, ताकद वाढलेली दिसते, तुटण्याआधी लांबायची क्षमता मात्र कमी होते. हे सगळं मी पुस्तकातून शिकवत आलो होतो. हातात धरलेला तुकडा मात्र मला ओळखता आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्याच बारचा दुसरा तुकडा भट्टीत ९०० अंशांपर्यंत तापवला आणि भट्टीचं दार बंद ठेवून रात्रभर आतच निवू दिला. सकाळी मशीनवर लावला. सुई ३१ ला थबकली. सगळी बॅच पुढे वाकून बघत होती. मग ती पुन्हा चालू लागली आणि ४६ पर्यंत गेली. तुटण्याआधी मधला भाग कमरेसारखा बारीक होत गेला. पहिल्या तुकड्यावर ६० मिलिमीटरवर मारलेल्या दोन खुणा तुटल्यावर ६७ वर गेल्या होत्या. या तुकड्यावर त्या ७९ वर गेल्या. त्या मुलीने दोन्ही आलेख शेजारी-शेजारी काढले आणि खाली चार ओळींत कारण लिहिलं. त्या वर्षभरात मी तपासलेल्या जर्नलमधलं हे एकमेव पान, जे दुसऱ्या कुणाच्या पानासारखं नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच आहे: प्रयोगशाळेत शिकवतं ते न जुळलेलं रीडिंग. आपल्या इंजिनिअरिंग शिक्षणाने नेमकं तेच लिहायची चोरी करून ठेवली आहे.

इंदिरानगरमध्ये राहणाऱ्याला हे जास्त बोचतं. एका अंगाला वडाळा-पाथर्डी रस्त्यावर गुरु गोविंदसिंग फाउंडेशनचं इंजिनिअरिंग कॉलेज, दुसऱ्या अंगाला महामार्ग ओलांडला की अंबडच्या शेड. पलीकडे सातपूरला बॉश आणि महिंद्रा, ओझरला एचएएलचा विमान कारखाना. लोखंडाची भाषा बोलणारी इतकी माणसं एका शहरात असताना आमच्या मुलांना पोलाद भेटतं ते फोटोकॉपी केलेल्या मॅन्युअलमध्ये. सकाळी गणवेशातली मुलं कॉलेजकडे जातात, त्याच रस्त्याने अंबडच्या पहिल्या पाळीचे कामगार दुचाक्यांवरून जातात, आणि दोघांची गाठ पडते ती बहुधा चहाच्या टपरीवरच.

प्रॅक्टिकलचा तास कसा चालतो ते सांगतो. वीस जणांची बॅच, दोन तास, एक मशीन. मशीनला हात लावणारे दोघं-तिघं, रीडिंग लिहिणारा एक, बाकीचे त्याच्या वहीत डोकावतात. जो लिहितो त्याचे आकडे रात्री ग्रुपवर पडतात. सत्राच्या शेवटी सबमिशनच्या आठवड्यात जागरणं करून सगळ्यांची जर्नल एकाच हस्ताक्षरात लिहिल्यासारखी तयार होतात. शिक्षक 'सर्टिफाइड'चा शिक्का मारतो. महागडी यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून झाकून ठेवलेली असतात आणि तपासणी समिती येणार असली की त्यांच्यावरचं प्लास्टिक निघतं. यात मुलांना दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. जिथे उत्तर आधीच छापलेलं आहे, तिथे ते परत शोधायची तसदी कोण घेईल? उतारा काढणं हे त्या व्यवस्थेला दिलेलं रास्त उत्तर आहे.

हिशोबातही हेच दिसतं. एआयसीटीईने २०१८ साली दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात वर्गातल्या एका तासाला एक क्रेडिट आहे, आणि प्रयोगशाळेतल्या दोन तासांना एक. म्हणजे हातांनी शिकलेल्या तासाची किंमत ऐकून शिकलेल्या तासाच्या निम्मी. चार वर्षांच्या १६० क्रेडिटमध्ये मुलं जिथे जास्त मिळतं तिथे वेळ घालतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

हे कायम असंच होतं असं नाही. पुण्यात १८५४ साली जी संस्था निघाली, जिला आज आपण सीओईपी म्हणतो, तिचं पहिलं नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' होतं. वर्ग आणि यंत्रशाळा दोन्ही एका नावात होती, कारण सरकारला बंधारे, कालवे, पूल बांधणारी माणसं हवी होती. तिथूनच शिकून बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांची पहिली नेमणूक १८८४ मध्ये नाशिकला झाली. धुळ्याकडच्या पांझरेच्या पात्रातून पाण्याचा सायफन टाकण्याचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा ते नवखे होते. पावसाळ्यातली नदी आणि पात्रातली वाळू पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे वागत नसतात, हे ते तिथे शिकले असणार. पुढे खडकवासल्याला १९०३ मध्ये बसलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार स्वतःहून उघडत-मिटत. पाण्याचं वागणं जवळून बघितलेल्या माणसालाच अशी कल्पना सुचते.

आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मुलं पोलादाचा चौकोनी तुकडा कानशीने घासून सपाट करतात, मग दोन तुकडे एकमेकांत बसवतात, मग सुतारकाम, पत्र्याचं काम, वेल्डिंग. एकेक कसब सुटं करून सोप्याकडून अवघडाकडे जायची ही रीत मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी बसवली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती अमेरिकेने पाहिली आणि एमआयटीचे अध्यक्ष रंकल यांनी ती लगेच उचलली. आपल्या आयटीआयमधला 'जॉब' त्याच कुळातला. हात बसवायला ती उत्तम आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण जॉबचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: माप बसलं की झालं. प्रयोगाचं तसं नसतं. आपण प्रयोगालाही जॉब करून टाकलं.

दुसरी वाट महाराष्ट्रातच दाखवली गेली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची मोठी जागा सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ कोरडवाहू गाव. तिथली मुलं शाळेत फार रमली नव्हती. कलबागांनी त्यांना गावाचीच कामं दिली: वेल्डिंग करून फाटक बनवायचं, घुमटासारखी घरं उभी करायची, जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीची जागा सुचवायची. गिऱ्हाईक खरं आणि पैसेही खरे. फाटक कलतं झालं तर मालक परत येतो, विहिरीला पाणी लागलं नाही तर सगळं गाव विचारतं. त्या मुलांना रीडिंग बनवून लिहायची सोयच नव्हती. २००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक पाबळला उभी राहिली, तीही याच पायावर. इंजिनिअरिंग कॉलेजांनी पाबळकडे ग्रामविकासाचा उपक्रम म्हणून पाहिलं, शिकवण्याची पद्धत म्हणून फारसं पाहिलं नाही, याची मला खंत आहे.

टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद पडल्या तेव्हा आभासी प्रयोगशाळांनी वेळ निभावून नेली. केंद्र सरकारच्या त्या प्रकल्पात आयआयटींबरोबर पुण्याचं सीओईपीही आहे, आणि काम मेहनतीचं आहे. लेथला हात लावायच्या आधी तो पडद्यावर फिरवून पाहावा, हे मला मान्य आहे. पण पडद्यावरच्या मशीनला दुकानदार कधी चुकीचा बार देत नाही. तिथे सुई दर वेळी थबकते.

नाशिकलाच घडलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. २०१५ च्या सिंहस्थाआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन', म्हणजे सिंहस्थातल्या अडचणींवर उपाय शोधणारे मेळावे, भरायला लागले. त्यातून नाशिकच्या एका किशोरवयीन मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी पावलांचा दाब ओळखून माणसं मोजणारी चटई बनवली आणि ती गर्दीत अंथरून पाहिली. गर्दीत पावलं एकावर एक पडतात, कुणी चटईवर थांबून राहतं, कुणी मूल कडेवर घेऊन जातं. बरोबर आकडा किती हे कुणालाच आधी ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना मोजण्याचीच पद्धत तपासावी लागली. इंजिनिअरिंगचं शिक्षण ते हेच, आणि ते कॉलेजात जायच्या वयाआधी झालं. पुढचा सिंहस्थ आता दारात आहे. नाशिकच्या किती कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये गोदाघाट असेल?

परीक्षकांना एक विनंती. येत्या ओरलला जर्नल उघडून "यील्ड पॉइंट कुठाय?" असं विचारण्याऐवजी "कुठलं रीडिंग जुळलं नाही?" असं विचारा, आणि ज्याच्याकडे उत्तर असेल त्याला मार्क द्या.

आणि अंबड-सातपूरच्या कारखानदारांना दुसरी. तुमच्या शेडच्या कोपऱ्यात बारचे उरलेले तुकडे पडलेले असतात: काळे, ब्राइट, कडक केलेले, वितळून फसलेले. तसे दहा-बारा तुकडे एका पिशवीत घाला. कुठला कशाचा आहे ते लिहिलेली चिठ्ठी पाकिटात बंद करून शिक्षकाकडे द्या आणि पिशवी मुलांच्या हाती द्या. वडाळा-पाथर्डी रस्त्यावरचं कॉलेज तुमच्या शेडपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे.