सतरा किलोमीटर

आठवडाभर चिंतन आलं नाही म्हणून काहींनी मेसेज केले. मी सायकलवर होतो. त्र्यंबकेश्वर ते जांब समर्थ, गोदाकाठाने, पाच दिवस, साधारण ३५० किलोमीटर. गोदावरी समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटर वाहते, म्हणजे मी तिच्यासोबत जेमतेम पाव वाट चाललो. आणि "सोबत" हाही थोडा मोठा शब्द झाला. पैठणला नाथसागर एवढा पसरलाय की तिथे रस्ता पाण्यापासून लांबूनच जातो.

शेवट जांबला का? समर्थांचा जन्म तिथला, १६०८ चा. लग्नाच्या बोहल्यावरून निघालेला बारा वर्षांचा नारायण नाशिकजवळच्या टाकळीला पोहोचला, ती वाट मी उलटी करणार होतो. समर्थ स्वतः या वाटेने घरी आले ते चोवीस वर्षांनी, असं परंपरा सांगते. तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती. माझी आई जालन्याहून एसटीने जांबला येऊन थांबणार होती. तिला मी दुपारी बाराची वेळ दिली होती.

शेवटच्या दिवशी शहागड सोडलं. डावीकडे ऊस, उजवीकडे नदी, नदीपलीकडे बीड जिल्हा. उसाच्या ट्रॉलीला जागा द्यायला खाली उतरलो आणि मागचा टायर बाजूने फाटला. ट्यूब बदलून उपयोग नव्हता. अर्धा तास ढकलत चाललो. मग एक छोटा हत्ती थांबला. मागे सरकीच्या पेंडीची पोती होती. त्या दादांनी काही न विचारता सायकल उचलून पोत्यांवर टाकली आणि तीर्थपुरीला दुकानासमोर उतरवलं. दुकानदाराने जुन्या टायरचा गेटर आतून टाकून दिला. तिथून जांबपर्यंत पुन्हा सायकल.

सतरा किलोमीटर टेम्पोत. ॲपवर लाल रेषेत तेवढीच एक सरळ, खोटी रेघ. मंडळी, खरं सांगतो, त्या गाडीत बसल्यापासून डोक्यात एकच हिशोब चालू होता: आता "पूर्ण केलं" म्हणायचं का?

आता श्लोकाकडे येतो. भगवंत म्हणतात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे हे शरीर, कर्ता, करण म्हणजे इंद्रियं-साधनं, नाना प्रकारची चेष्टा आणि पाचवं दैव. पुढच्याच श्लोकात स्पष्ट केलंय की कर्म योग्य असो वा अयोग्य, कारणं हीच पाच. आपण ऑफिसमध्ये नेमकं उलट करतो. रिलीज नीट गेलं की "मी केलं", फाटलं की "सर्व्हरचा इश्यू". दैव फक्त अपयशाच्या खात्यावर.

मीही तेच करत होतो. सतरा किलोमीटर दैवाने हिरावले आणि उरलेले ३३३ माझे! पण पुणतांब्याला रात्री अंथरूण देणारे, कोपरगावच्या अलीकडे चुकीच्या फाट्यावरून हाक मारून परत फिरवणारे आजोबा, नाशिकपासून पाठीशी असलेला वारा, हे सगळं कोणाच्या खात्यात? त्या सतरात माझा वाटा कमी होता हे खरं. पण बाकीच्यांत तो पूर्ण होता, हे मी गृहीत धरलं होतं. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, हे दोन श्लोकांनंतर आहेच.

मात्र याची पळवाटही होते, तीच मला जास्त भीतीची वाटते. "कर्ता मी नाहीच" म्हणत ते सतरा किलोमीटर गुपचूप पोटात घालणं फार सोपं. म्हणून पोस्टमध्ये आकडा लिहिलाय: ३३३ सायकलने, १७ टेम्पोने.

जांबला पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आई देवळाच्या पायरीवर डबा घेऊन बसलेली. मी पाया पडायच्या आधीच टायर, ॲप, रेघ, सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या गाडीवाल्याचं नाव काय रे?"

माहीत नव्हतं. गावही विचारलं नव्हतं. पैसे पुढे केले, त्यांनी हात हलवून नको म्हटलं, आणि मी लगेच वाकून टायर बघायला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तीर्थपुरीला गेलो, तिथून शहागडकडे तेच सतरा किलोमीटर चालवले. पेंडीच्या दोन दुकानांत चौकशी केली. पांढरा छोटा हत्ती म्हटल्यावर दुकानदार हसला, "साहेब, इथं दर दुसऱ्या घरी आहे." मी नेमका कशासाठी गेलो होतो, त्यांना शोधायला की रेघ भरून काढायला, हे अजून मला नीट सांगता येत नाही. ॲप मी चालूच ठेवलं होतं.