न केलेल्या प्रवासाचे पैसे



गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीत मागे रेंगाळले. पन्नाशी उलटलेले, हिशेबाला चोख, छोटेसे दुकान चालवणारे. सफा रिकाम्या झाल्यावर ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, “इमामसाहेब, पाच हजार रुपये घरात आले आहेत. ते हलाल आहेत की नाहीत, हे मला समजत नाही.”

हकीकत अशी होती. घरातील चौघे आणि शेजारचा एक मुलगा असे पाच जण रात्री नऊच्या गाडीने मुंबईला निघणार होते. पाचही तिकिटे थोरल्या मुलाने मोबाइलवरून एकत्रच काढली होती. त्याच दिवशी मगरिबच्या सुमारास गृहस्थांचे थोरले चुलते अल्लाहला प्यारे झाले. मय्यत घरातच होती, माणसे जमत होती. तिकिटांची आठवण कोणाला झाली नाही, आणि झाली असती तरी उपयोग नव्हता, कारण रद्द करण्याची वेळ टळून गेली होती. मध्यरात्री मुलाच्या मोबाइलवर संदेश आला की गाडी साडेतीन तासांहून अधिक उशिरा धावत आहे. मुलगा जागाच होता. त्याने गाडी स्थानकावर येण्यापूर्वी परताव्याचा अर्ज भरला. कारणांच्या यादीत ‘गाडीला तीन तासांहून अधिक उशीर आणि प्रवाशाने प्रवास केला नाही’ असे एक कारण असते. त्याने ते निवडले. काही दिवसांनी पूर्ण भाडे खात्यात जमा झाले.

“इमामसाहेब,” ते म्हणाले, “गाडी वेळेवर असती तरी आम्ही गेलो नसतो. मग उशिराचे नाव सांगून घेतलेला हा पैसा खोटेपणाचा नाही का?”

मी त्यांना त्या रात्री उत्तर दिले नाही. दोन दिवस मागून घेतले. वाचकहो, प्रश्न पाच हजारांचा दिसतो, परंतु त्याच्या पोटात आणखी प्रश्न आहेत, आणि आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक कुटुंब वर्षातून एकदा तरी तिकीट रद्द करते. म्हणून तो आपल्यासमोर सविस्तर मांडतो.

आधी नियम पाहू. नोव्हेंबर 2015 पासून लागू झालेल्या रेल्वेच्या परतावा-नियमांनी जी चौकट घालून दिली, तिचे तत्त्व सोपे आहे. गाडी सुटण्याची वेळ जसजशी जवळ येते, तसतशी कपात वाढते. हिशेबासाठी तीन-टायर वातानुकूलित डब्याचे भाडे 1000 रुपये धरू आणि कर बाजूला ठेवू. पक्के तिकीट 48 तासांहून आधी रद्द केले तर प्रत्येक प्रवाशामागे 180 रुपये कापले जात, 48 ते 12 तासांच्या दरम्यान चौथा हिस्सा म्हणजे 250, आणि 12 ते 4 तासांच्या दरम्यान निम्मे म्हणजे 500. चार तासांहून कमी वेळ उरला की हाती काहीच येत नसे. शयनयान वर्गाची किमान कपात 120 रुपये होती. पक्क्या तत्काळ तिकिटावर तर स्वतःहून रद्द केल्यास परतावाच ठेवलेला नव्हता. हे तास आणि या रकमा वेळोवेळी बदलतात, तेव्हा तिकीट काढताना त्या दिवशीचा नियम वाचून घ्यावा. याउलट रेल्वेनेच गाडी रद्द केली, किंवा आपल्या स्थानकावरून ती तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असली आणि आपण गेलो नाही, तर पूर्ण भाडे परत देण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी अर्ज करावा लागतो.

आता पहिला प्रश्न. ही कपात मुळात न्याय्य आहे का? अनेक जण मला तावातावाने विचारतात, “आम्ही गाडीत पाऊलही ठेवले नाही, मग आमचे पैसे कशाचे कापले?” दुसऱ्याचा माल अन्यायाने खाऊ नये आणि व्यवहार परस्परांच्या राजीखुशीने व्हावा, ही कुरआनची शिकवण सूरह अन-निसामध्ये आहे. तिच्या आधारे ते कपातीला थेट हराम ठरवून मोकळे होतात.

इतकी घाई बरी नाही. तिकीट म्हणजे ‘इजारा’, म्हणजे मोबदला देऊन सेवा घेण्याचा करार. करार एका पक्षाने मोडला तर काय, यावर आपल्या फुकहांनी शतकानुशतके विचार केला आहे. हनफी मजहबात इजारा सबळ कारणाने मोडता येतो. मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’त याची उदाहरणे आहेत. दाढ दुखते म्हणून ती काढण्यासाठी माणूस ठरवला आणि दुखणे थांबले, तर दाढ काढूनच घेतली पाहिजे असे नाही. प्रवासासाठी जनावर भाड्याने ठरवले आणि पुढे प्रवासाचा बेतच बदलला, तरी करार सोडता येतो. शाफिई मजहबात मात्र घेणाऱ्याच्या वैयक्तिक अडचणीने करार सुटत नाही. म्हणजे कोकणातील आमचे शाफिई बंधू आणि देशावरील हनफी बंधू एकाच डब्याचे तिकीट काढतात, पण त्यांच्या फिकहची पुस्तके त्या तिकिटाकडे वेगळ्या नजरेने पाहतात!

विसाराचा प्रश्नही असाच आहे. सौदा पूर्ण झाला नाही तर विक्रेत्याने विसार ठेवून घ्यावा का? इमाम अबू हनीफा, इमाम मालिक आणि इमाम शाफिई (रह.) यांनी तो नाकारला, तर इमाम अहमद (रह.) यांनी मान्य केला. त्यांचा आधार माननीय उमर (रजि.) यांच्या काळातील एका व्यवहाराचा होता. मक्केत बंदिशाळेसाठी सफवान बिन उमय्या यांचे घर घेण्याचे ठरले, तेव्हा खलीफांना सौदा पसंत पडला नाही तर सफवान यांना 400 मिळावेत अशी बोली झाली होती. 1993 साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, मुदत ठरलेली असेल तर विसाराचा व्यवहार जायज असल्याचा ठराव केला. तिकिटाचे तास म्हणजे एक प्रकारे अशीच ठरलेली मुदत.

माझे मत विचाराल तर आधी सांगितलेली, वेळेनुसार वाढणारी कपात मी अन्याय मानत नाही. शेवटच्या चार तासांत मोकळा झालेला बर्थ विकला जाईलच असे नाही, आणि त्या बर्थसाठी ताटकळलेला प्रवासी तोपर्यंत एस.टी.ने निघूनही गेलेला असतो. परंतु तासांच्या तक्त्यात मृत्यूला रकाना नाही, हे मला खटकते. पश्चात्ताप झालेल्या ग्राहकाचा सौदा जो मोकळ्या मनाने सोडून देतो, त्याच्या चुका अल्लाह कियामतच्या दिवशी माफ करील, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. ही आज्ञा नव्हे, उत्तेजन आहे, आणि ते सरकारी खात्यालाही लागू पडावे असे मला वाटते.

पण नियम कठोर वाटतो, म्हणून खोटे कारण लिहून आपले पैसे ‘वसूल’ करावेत का? येथे काही शिकलेली मंडळीही घसरतात. ते हिंद बिन्त उतबा यांची हदीस पुढे करतात. पती अबू सुफयान पुरेसा खर्च देत नाहीत अशी त्यांची तक्रार होती, आणि स्वतःला व मुलांना रीतसर पुरेल इतके त्यांच्या नकळत घेण्याची मुभा प्रेषितांनी (स.) दिली. हदीस खरी आहे. परंतु तेथे हक्क आधीच सिद्ध होता, कारण पत्नी आणि मुलांचे पोषण ही पतीची जबाबदारीच असते. तिकिटाच्या बाबतीत मुदत टळल्यावर हक्क उरत नाही, ही अट आपणच मान्य करून पैसे भरलेले असतात. ‘वातानुकूलन बंद होते’ असे खोटे लिहून घेतलेला परतावा चोरीच आहे. तो सरकारी तिजोरीतून येतो म्हणून हलका होत नाही, उलट त्यात कोट्यवधी लोकांचा वाटा असतो. हिजरतच्या रात्री ज्या मक्कावासीयांनी प्रेषितांच्या जिवावर उठण्याचा बेत केला होता, त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) माननीय अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. समोरचा आपल्याशी कसा वागला, यावर अमानत अवलंबून नसते.

तर मग आपल्या गृहस्थांचे काय? त्यांच्या मुलाने एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. गाडी खरोखर साडेतीन तासांहून अधिक उशिरा होती आणि त्यांनी खरोखर प्रवास केला नव्हता. प्रश्न उरतो तो या दोन खऱ्या गोष्टींना जोडणाऱ्या शब्दाचा. तो शब्द ‘आणि’ आहे, ‘म्हणून’ नाही.

महाविद्यालयात मराठी व्याकरणाच्या तासाला आम्हाला शिकवले गेले की ‘आणि’ हे समुच्चयबोधक अव्यय आणि ‘म्हणून’ हे परिणामबोधक. मदरशात उसूलच्या उस्तादांनी हाच धडा अरबीच्या ‘वाव’ आणि ‘फा’वर घेतला होता. हनफी उसूलप्रमाणे ‘वाव’ केवळ दोन गोष्टी एकत्र आणतो, त्यांचा क्रम किंवा कार्यकारण सांगत नाही. वजूच्या आयतीत अवयव ‘वाव’ने जोडलेले आहेत, म्हणून आमच्याकडे वजूतील क्रम सुन्नत आहे, फर्ज नाही. शाफिई बंधू तो फर्ज मानतात, त्यांच्या दलीली वेगळ्या. एका अक्षरावर इबादतीचा हुकूम बदलतो, तर एका शब्दावर पाच हजारांचा बदलायला काय हरकत आहे?

माझ्या एका तरुण आलिम मित्राला हे पटले नाही. तो म्हणाला, “कर्मे नियतीवर अवलंबून असतात. परतावा हा उशिराच्या त्रासाचा मोबदला आहे. या माणसाला उशिराचा त्रास झालाच नाही.” आक्षेप वजनदार आहे. मी त्यावर रात्रभर विचार केला आणि शेवटी आंब्याच्या पेटीपाशी येऊन थांबलो.

समजा, तुम्ही हापूसच्या पेटीचे पैसे आगाऊ दिले आणि गुरुवारी पेटी घरपोच येण्याचे ठरले. बुधवारी पाहुण्यांचा निरोप आला की ते येत नाहीत. पेटी आता तुम्हाला नको आहे, पण शब्द दिलेला आहे, म्हणून तुम्ही गप्प बसता. गुरुवारी बागवानच पेटी देऊ शकला नाही आणि त्याने पैसे परत केले. ते घेताना “मला पेटी नकोच होती” या विचाराने तुमचा हक्क जातो का? जात नाही. कारण तो पैसा तुमच्या त्रासाची भरपाई नसतो, न दिलेल्या मालाची ती किंमत असते. ठरल्या वेळी द्यायची वस्तू देणाऱ्याने दिली नाही, तेव्हाच करार सोडण्याचा अधिकार तुमच्याकडे आला. मनातील इच्छेने नमाज खरी-खोटी ठरते, पण मालकी ठरत नाही. आणि हा नियमही मनात डोकावत नाही. गाडी किती उशिरा आहे आणि तुम्ही गेलात की नाही, एवढेच तो विचारतो. अर्जात ‘उशिरामुळे गेलो नाही’ असे लिहून द्यावे लागले असते, तर उत्तर वेगळे झाले असते. तेव्हा ते वाक्य खोटे ठरले असते, आणि मी त्यांना पैसे परत करण्याचा मार्ग शोधायला सांगितले असते.

मित्र अजून पूर्ण सहमत नाही. इतके मात्र त्याने मान्य केले की ते पैसे हराम म्हणता येणार नाहीत. तकव्यापोटी कोणाला नकोच असतील, तर त्याने ते गरजूला द्यावेत.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मशिदीत फारशी बोलली जात नाही. सुट्ट्यांच्या आणि ईदच्या दिवसांत काही कुटुंबे दोन-दोन गाड्यांची तिकिटे काढून ठेवतात आणि सोयीची ठेवून दुसरी रद्द करतात. “कपात भरली, हिशेब मिटला,” असे ते म्हणतात. रेल्वेशी तो मिटला असेल. परंतु त्या चार बर्थसाठी जे लोक आठवडाभर प्रतीक्षायादीत होते, त्यांना तुमच्या 120 रुपयांतले काय मिळाले? तत्काळ तिकिटाचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यावर परतावा मिळत नाही, म्हणून जायचे नसले तरी बहुतेक लोक ते रद्द करण्याचे कष्ट घेत नाहीत आणि बर्थ रिकामा जातो. तक्ता तयार होण्यापूर्वी ते रद्द केले तर आपल्याला एक रुपया मिळणार नाही, पण यादीतल्या कोणाला तरी रात्रभर पाठ टेकता येईल.

तिसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना माझे उत्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग मी विचारले, “पाचपैकी एक तिकीट शेजारच्या मुलाचे होते ना?”

ते चपापले. त्या मुलाची दुसऱ्या दिवशी मुंबईत परीक्षा होती. तिकिटाचे 1000 रुपये त्याने आधीच रोख दिले होते. त्या रात्री तो बॅग घेऊन दारापर्यंत आला, अंगणात जमलेली माणसे पाहिली, काही न बोलता पाच मिनिटे उभा राहिला आणि एस.टी. स्टँडकडे निघून गेला. तिकिटाचा क्रमांक मिळाला असता तर आपले ओळखपत्र दाखवून तो एकटाही त्या गाडीने जाऊ शकला असता. मय्यतीच्या घरात त्याने तो मागितला नाही. परतावा पाचही तिकिटांचा आला, परंतु एकाच खात्यात, आणि इतक्या दिवसांच्या गडबडीत त्याची आठवण कोणालाच झाली नव्हती.

“त्याचे हजार तर त्याचेच आहेत,” ते उठत म्हणाले. “पण इमामसाहेब, बुकिंगचे सुविधा शुल्क परत आलेले नाही. ते त्याच्याकडून कापून घ्यावे का?”

मी म्हणालो, “तिकीट त्याच्या सांगण्यावरून काढले होते. त्याच्या वाटणीचे शुल्क मागाल तर शरीअतमध्ये अडचण नाही.”

त्यांनी चपला घातल्या, पायरीवर क्षणभर थांबले. “त्या रात्री एस.टी.ला त्याने किती दिले असतील?” असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता शेजारच्या घराकडे वळले.